शेकरू सोडून ती परदेशी खार कशाला?

"सतपुड्यात आपला शेकरू आहे की! मग कोस्टा रिकातल्या त्या खारीत तुमचा एवढा जीव का?" रामबागेतले शेजारी विचारतात, लग्नाच्या पंगतीत नातेवाईक विचारतात, आणि परवा भाचीनंही विचारलं. पंगतीत मठ्ठा येईपर्यंत हे सगळं सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

सिंथिओसायुरस ब्रोकस हे तिचं शास्त्रीय नाव. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका आणि पनामाच्या पश्चिम भागातल्या डोंगरांवर, साधारण १,९०० ते २,६०० मीटर उंचीवर ती राहते. शेपूट सोडली तर अंग वीतभरही नाही. पाठ गडद, हिरवट तपकिरी, पोट नारिंगी. वरचे पुढचे दात बाहेर झुकलेले आणि त्यांवर उभी खाच. दिवसा हिंडते, झाडांवरच राहते. फुलं, फळं, साल आणि झाडाचा रस खाते.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आउटराम बँग्ज यांनी १९०२ मध्ये पनामातल्या बोकेतेजवळच्या नमुन्यांवरून तिचं पहिलं वर्णन केलं. १९४२ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ गुडविन यांनी कोस्टा रिकातल्या पोआस ज्वालामुखीवरची खार वेगळी जात म्हणून नोंदवली. पुढे ती हीच निघाली. म्हणजे कितीतरी वर्षं विद्वानांचा विचार चालला तो कातडी आणि कवट्यांवर. जिवंत खार काय करते, याच्या नीट नोंदी झाल्या १९८०च्या दशकात, त्याच पोआसवर. तेव्हा दिसलं की नर, मादी आणि पिल्लं एकाच घरट्यात राहतात. बहुतेक वृक्षखारींमध्ये समागमानंतर नराचा संसाराशी काही संबंध उरत नाही. ही मात्र जोडीनं राहते. आणि फारच कमी आवाज करते.

माझ्या लेखी खरी गोष्ट या गप्पपणाची आहे. पचमढीच्या बाजूला शेकरू दिसण्याआधी ऐकू येतो. त्याचा तो खडखडाट पानांआडून आला की मान आपोआप वर जाते. आपल्या अंगणातली पाच पट्ट्यांची खार तर मांजर दिसलं की सगळी आळी डोक्यावर घेते. प्राण्याचा अभ्यास सुरू होतो तो बहुधा असा, त्यानंच आपला पत्ता दिल्यावर. ही खार पत्ता देत नाही. त्यात कोस्टा रिकातच लालशेपटी खारही राहते, आणि लांबून दोघींची गल्लत होते. दातावरची खाच तीस फुटांवरच्या फांदीवर कोणाला दिसणार?

शिवाय ती राहते ते जंगल, म्हणजे मेघवन. "आमच्या मांडूलाही श्रावणात ढग उतरतात," असं कोणी म्हणालं की मला आवडतं, कारण तिथूनच समजावता येतं. मांडूचे ढग पाहुणे आहेत. एप्रिलमध्ये तिथला साग उघडाबोडका उभा असतो. मेघवनात ढग वर्षातला बराच काळ मुक्कामाला असतो. अटलांटिकच्या बाजूनं येणारा ओला वारा डोंगरावर चढतो, गार होतो आणि त्याचा ढग झाडांमध्येच अडकतो. पाऊस नसतानाही पानांवर, शेवाळावर पाणी साठून खाली टपकत राहतं. फांद्यांवर शेवाळ, नेचे, आमऱ्या (ऑर्किड) इतक्या दाट की मूळ साल शोधावी लागते. अशा धुक्यात, ठिबकत्या पाण्यात, एका गप्प, तपकिरी, वीतभर जिवाची वाट बघत बसायचं. दुर्बिणीच्या काचा पुसतानाच सकाळ निघून जात असेल.

"मग राहू दे की तिला तिच्या जागी," असं भाची म्हणाली. मी तिला सोनेरी भेकाची गोष्ट सांगितली. कोस्टा रिकातल्याच मोंतेवेर्दे या मेघवनात हा भेक होता. १९८७ मध्ये विणीच्या काळात दीड हजारांहून जास्त मोजले गेले. १९८९ मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर एकही नाही. बुरशीचा रोग, कोरडी पडत गेलेली हवा, कारणांवर अजून वाद आहे. पण तो वाद होऊ शकतो, कारण कोणीतरी आधी मोजून ठेवलं होतं. भेक गेला हे जगाला कळलं तरी.

या खारीच्या बाबतीत असा आकडा नाही. हवा तापली की ढग जास्त उंचीवर धरतो, आणि मेघवनाला त्याच्या मागे वर चढावं लागतं. पोआसचा माथा सुमारे २,७०० मीटर. खारीचा पट्टा २,६०० पर्यंत. वर जायला उरलं काय? आणि माथ्यावर तर जिवंत ज्वालामुखीचं विवर आहे, २०१७ मध्ये त्याचा उद्रेक होऊन उद्यान बंद ठेवावं लागलं होतं. डोंगर बदलायचा म्हटलं तर मधली दरी तिच्यासाठी समुद्रासारखी आहे.

शेकरूवर माझं प्रेम कमी आहे असं समजू नका. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, भीमाशंकरचं अभयारण्य त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे, त्याची बाजू मांडायला माणसं आहेत. म्हणून मी बोलते ते या दुसरीबद्दल.

आणि काम अशक्य नाही. जंगलात लावतात ते आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बहुधा गुडघ्याच्या उंचीवर, वाघ-बिबट्यांच्या वाटेवर बांधलेले असतात. झाडावरून न उतरणारा प्राणी त्यांत सापडेलच कसा? आता काही ठिकाणी दोर लावून शेंड्यापर्यंत चढतात आणि कॅमेरे फांद्यांवर बसवतात. माझी भाची प्राणिशास्त्र शिकते आहे. तिला मी हेच सांगितलं, आधी दोरानं झाडावर चढायला शीक.