गोराईच्या खाडीत तिवर ओळखताना

बोरिवलीहून गोराईला जाणारी बोट जेट्टी सोडते, तेव्हा दोन्ही काठांवर खारफुटीचं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं, सलग हिरवंगार दिसतं. बहुतेक जण त्या सगळ्याला सरसकट तिवरं म्हणून मोकळे होतात. मी ओहोटीची वेळ बघूनच निघते. पाणी उतरलं की मुळं उघडी पडतात, आणि ओळख पटवायला तिथूनच सुरुवात करायची.

चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक मुळं वर आलेली असली की ते तिवर. बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती असली की पांढरी चिपी. खोडापासून कमानी टाकत खाली उतरलेली मुळं कांदळाची. एवढं बोटीतूनही जमतं. तिवराच्या दोन जाती वेगळ्या करायच्या तर मात्र काठावर जाऊन पान निरखावं लागतं. ॲव्हिसेनिया मरिनाचं पान टोकदार, खालून राखाडी-पांढरं; ऑफिसिनॅलिसचं टोक गोलसर, खालची बाजू पिवळसर. ऊन चढलं की पानावर मिठाचे कण चमकतात. जीभ लावून बघा, चक्क खारट! पानातल्या ग्रंथी जास्तीचं मीठ असं बाहेर टाकतात.

पण मुळांवरून नाती जोडायला गेलं की फसगत होते. खारफुटी हे एक कुळ नव्हेच. खाऱ्या चिखलात तगायला वेगवेगळ्या कुळांतल्या झाडांनी आपापल्या वाटा काढल्या. नातं कळतं फुला-फळांवरून, आणि आता डीएनएवरून. तिवराला पूर्वी साग-निर्गुडीच्या कुळात ठेवत. आज ते अडुळशाच्या, म्हणजे ॲकॅन्थेसी कुळात आहे. काठावरची जांभळ्या फुलांची काटेरी मारांडी त्यातलीच. आणि आठ वर्षांनी फुलणारी कारवीसुद्धा! बोरिवलीत रेल्वेरुळांच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानात कारवी, पश्चिमेला खाडीत तिवर, आणि दोघी एकाच गोतातल्या. हे कळलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता.

चिपीचंही तसंच. २०२० साली तिला महाराष्ट्राच्या राज्य कांदळवृक्षाचा, म्हणजे राज्याच्या खारफुटी झाडाचा, मान मिळाला. ती मेंदीच्या कुळातली, आणि आपलं राज्यफूल तामणही त्याच कुळातलं. चिपीचं फूल रात्री उमलतं. सकाळी झाडाखाली पांढरे केसर गळून पडलेले दिसतात.

हुऱ्याचं पान मात्र तोडू नका. हे एरंडाच्या कुळातलं झाड; त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. आणि ओळखीसाठी फोटो काढाल तेव्हा पानाच्या दोन्ही बाजू, मुळं, फूल किंवा फळ असं सगळं घ्या. लांबून काढलेल्या नुसत्या झाडोऱ्यावरून जात सांगता येत नाही.