पाणी समिती एका सभेत झाली, पुढचे दोन महिने 'ताई' का 'बाई' यात गेले (माझा अनुभव)

आधीच सांगते, डोकं अजून पूर्ण थंड झालेलं नाही, त्यामुळं कुठं जास्त बोलले तर सोडून द्या. आमच्या गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नव्यानं केली आणि तिचं बँकेत खातं उघडलं, एवढंच काम. कुणी आपल्या गावात करत असेल तर त्याचे दोन-चार हेलपाटे वाचावेत म्हणून लिहितेय. गाव कुठलं, बँक कुठली ते लिहीत नाही, उद्या परत त्याच काउंटरला उभं राहायचंय.

जुनी समिती होती म्हणे. यादी मागितली तर त्यातली दोन माणसं वारलेली, एक आजी कायमची मुलीकडं गेलेली, आणि एका काकांना ते सदस्य आहेत हेच आमच्याकडून कळलं. जल जीवन मिशन २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालं, घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे आता गावात पोरासोरांनाही पाठ आहे, पण त्यात गावाची समिती लागते, आराखडा ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो, गावातल्या कामाच्या खर्चाची १० टक्के लोकवर्गणी द्यायची असते (डोंगरी, जंगलातली गावं आणि निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातीची वस्ती असलेली गावं यांना ५ टक्के), हे कुणी वाचतच नाही. वर्गणी पैशातच द्यायला पाहिजे असंही नाही, श्रमदान आणि वस्तू पण धरतात. आमच्याकडं निम्म्या लोकांना वाटत होतं पाणी समिती म्हणजे टाकीवर पाटी लागते त्यातली नावं.

माणसं निवडायला काही वेळ लागला नाही. मार्गदर्शक सूचनांत १० ते १५ सदस्य, निम्म्या बायका, पाव हिस्सा ग्रामपंचायत सदस्य आणि बाकी दुर्बल घटकांतले असं आहे, आम्ही १२ घेतले, त्यात सहा बायका. अध्यक्ष म्हणून आमच्या वॉर्डाच्या सदस्य काकू. सचिव भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं पण गावात भाऊसाहेब ते भाऊसाहेबच. मला घेतलं कारण "वहिनीला बचत गटाच्या कागदांची सवय आहे". हे कौतुक नसतं हे मला दोन महिन्यांनी कळलं.

ग्रामसभेचं मात्र थोडं सांगते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमचे मतदार सहाशेच्या आसपास, म्हणजे नव्वद. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरं खाऊ घेऊन घरी गेली, माणसं पारावर जाऊन बसली आणि रजिस्टरला सह्या झाल्या बासष्ट. सभा तहकूब. मी तर रडकुंडीला आले होते पण भाऊसाहेब निवांत, म्हणले तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, विषय तेच ठेवायचे. आठवड्यानं २२ तारखेला सभा झाली, ठराव झाला, टाळ्या झाल्या, चहा झाला. मला वाटलं संपलं.

खरं काम तिथून सुरू झालं.

लोकवर्गणी ठेवायला आणि खर्च करायला समितीचं वेगळं खातं पाहिजे. खात्याला ठरावाची नक्कल लागते. आमच्या भाऊसाहेबांकडं तीन गावांचा कारभार, आमच्या वाट्याला आठवड्यातले दोन दिवस, त्यातला एक पंचायत समितीच्या मीटिंगमध्ये जातो, वर मध्ये गणपती आले. नक्कल हातात पडली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ती मी कार्यालयातच उभ्या उभ्या एकदा वाचली आणि चूक दिसली नाही, ही माझी चूक. माझ्या नावाचा काना-मात्रा मी दोनदा तपासला, काकूंचं नाव वाचलंच नाही.

बँकेत पहिल्या फेरीला विचारलं, समितीचं नोंदणी प्रमाणपत्र कुठंय. म्हणलं साहेब, ही मंडळ-संस्था नाही, ग्रामसभेनं नेमलेली समिती आहे, ग्रामपंचायतीचीच. ते म्हणले फॉर्ममध्ये ट्रस्ट आहे, सोसायटी आहे, बचत गट आहे, तुमचं यात काय? आता ते मी कसं सांगणार. गटाचं खातं मीच उघडलं होतं तेव्हा एका दिवसात झालं होतं, त्या भरवशावर गेले होते, तो भरवसा काउंटरवरच संपला. परत येऊन भाऊसाहेबांकडून ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र घेतलं, त्यात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ही समिती स्थापन झाली आहे असं लिहून घेतलं, जावक नंबर टाकला, गोल शिक्का मारला. हे पत्र पहिल्याच दिवशी न्या. तोंडी कितीही समजावलं तरी उपयोग नाही, कलमाचा आकडा बघितल्यावर मात्र त्यांनी कागद पुढं ओढला.

दुसऱ्या फेरीला मी आणि काकू दोघी. भाऊसाहेब नंतर येऊन सही करणार असं ठरलेलं. साहेबांनी काकूंचं आधार, पॅन आणि ठरावाची नक्कल तिन्ही शेजारी शेजारी मांडले आणि पेनाचं टोपण एकेका अक्षराखाली सरकवत निघाले. आधी आडनाव, मग नवऱ्याचं नाव, मग काकूंचं नाव, आणि टोपण थांबलं. आधारवर नावाला 'बाई' जोडलेलं, पॅनवर पण तेच. ठरावात नावाच्या आधी 'सौ.' आणि मागं 'ताई'.

"हे वेगळं आहे."

काकू म्हणल्या, "अहो, मीच ती. गावात सगळे ताई म्हणतात, भाऊसाहेबांनी तसंच लिहिलं."

"मला कळतंय ओ मावशी, पण सिस्टीमला ताई चालणार नाही."

त्या 'मला कळतंय'चाच मला जास्त राग आला. कळतंय तर करा ना. मागं रांग वाढत चाललेली, एक आजोबा पेन्शनचं पासबुक घेऊन सारखं पुढं डोकावत होते, आणि काकूंचा चेहरा असा झाला जशी काय त्यांनी स्वतःच्याच नावाची चोरी केलीय. एसटीत बसेपर्यंत बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणल्या, "माझ्या जागी दुसरं कुणाला तरी करा." म्हणलं काकू, असलं बोलू नका, आता तर तुम्हीच पाहिजे.

मग सुरू झाली ताईची बाई करायची मोहीम. एकानं सांगितलं प्रतिज्ञापत्र करा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत म्हणून. केलं. तिसरी फेरी. बँकेत म्हणले प्रतिज्ञापत्र तुमच्या स्वतःच्या खात्याला चाललं असतं, हे समितीचं खातं आहे, ठरावातच नाव दुरुस्त पाहिजे. गेला तो कागद पिशवीत. सरपंच म्हणले एवढं कशाला, प्रोसिडिंगमध्ये 'ता'चा 'बा' करायला कितीसा वेळ लागतोय. भाऊसाहेब खुर्चीतून उठलेच. "ताचा बा केला तर उद्या माझी चौकशी लागंल. त्या बुकात खाडाखोड मी करणार नाही, कुणी सांगितलं तरी." तेव्हा मला त्यांचा पण राग आला होता, आता वाटतं तेवढं मात्र त्यांचं बरोबर होतं. ज्या वहीत कुणीही पेन चालवतं त्या वहीतल्या ठरावाला उद्या कोण विचारणार. पण मग यावर उपाय काय, तर ते म्हणले विशेष ग्रामसभा घ्यावी लागंल बहुतेक, आधी नोटीस, दवंडी, परत ते नव्वद. बहुतेक! एका अक्षरासाठी.

या सगळ्यात माझी झोप वेगळ्याच कारणानं उडाली होती. खालच्या वस्तीतल्या लोकांनी ठराव झाल्या झाल्या वर्गणी आणून दिली होती. हौसेनं दिली, मी पण हौसेनं घेतली, पावत्या फाडल्या, आणि रक्कम बचत गटाच्या लोखंडी पेटीत ठेवून पेटी कपाटात. तीन आठवडे सार्वजनिक पैसा माझ्या साड्यांच्या खाली. दुकानासमोर एक जण हसत हसत विचारून गेला, "काय वहिनी, पाणी कधी, का पैसे मुरले?" हसत विचारलं तरी लागायचं ते लागलंच. त्यामुळं खात्याचा नंबर हातात येईपर्यंत एक रुपया घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. मी शेवटी घरोघर जाऊन पावत्या परत घेऊन पैसे परत केले, आणि ते देताना घेतल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

सुटका झाली ती पंचायत समितीत. मी दुसऱ्याच कामाला गेले होते, तिथं विस्तार अधिकारी मॅडम रिकाम्या दिसल्या म्हणून सहज रडगाणं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं पण नाही. म्हणल्या, "पुढच्या ग्रामसभेत विषय क्रमांक १ काय असतो?" म्हणलं मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. "मग तिथंच दुरुस्ती नोंदवा की. वाचताना सांगायचं अमुक ठरावात नाव असं पडलंय ते असं वाचावं, सभेची मान्यता घ्यायची, आणि जुन्या ठरावाच्या नकलेबरोबर या नव्या नोंदीची नक्कल जोडायची." दोन मिनिटं लागली. इतकी वर्षं प्रत्येक सभेत तो पहिला विषय म्हणजे भाऊसाहेब भराभर काहीतरी वाचणार आणि आपण शेजारणीशी बोलणार एवढंच मला माहीत होतं. भाऊसाहेबांना फोन लावला तर म्हणतात, "हां, तसं पण होतंय." तसं पण होतंय!

२ ऑक्टोबरची सभा समोरच होती. गणपूर्ती झाली नसती तर परत तहकूब, परत आठवडा. अरे हो, हे आधीच सांगायला पाहिजे होतं: ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, बऱ्याच ठिकाणी ती नुसती रजिस्टरलाच होते. आम्ही यावेळी आदल्या दिवशी खरोखर घेतली, समाजमंदिरात, आणि काकूंनी स्वतः उभं राहून सांगितलं, "माझ्या एका अक्षरासाठी या गं उद्या." आल्या की. सह्या चौऱ्याण्णव झाल्या, त्यात पन्नासच्या वर बायका. पुरुषांना मागं उभं राहावं लागलं. भाऊसाहेबांनी पहिला विषय पहिल्यांदाच सावकाश वाचला, काकूंचं नाव आधार कार्ड हातात धरून फोड करून वाचलं, आणि 'बाई' म्हणल्यावर सगळ्या हसल्या.

चौथ्या फेरीला ते साहेब रजेवर. पाचव्या फेरीला झालं. तेच साहेब, तेच टोपण, यावेळी शेवटपर्यंत सरकत गेलं.

राहिलेलं आठवेल तसं लिहिते. ठरावात नुसती समितीची नावं लिहून भागत नाही, खातं कुठल्या बँकेत, कुठल्या शाखेत, कुणाकुणाच्या सहीनं चालणार (आमचं अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सहीनं आहे), हे त्याच ठरावात घ्या, नाहीतर त्यासाठी वेगळी फेरी. सदस्य ठरले की सभेच्या आधीच सगळ्यांच्या आधारची झेरॉक्स गोळा करा आणि त्या बघून नावं लिहा, आठवणीनं नको. बायकांची तर नक्कीच, माहेरचं नाव, सासरचं नाव, बाई, ताई, काहीही निघतं. आमच्या सहांपैकी तिघींचे कागद एकमेकांशी जुळत नव्हते, सही फक्त काकूंची होती म्हणून निभावलं. समितीचा रबरी शिक्का आधी करून घ्या. दोन नकला घ्या, एक बँक ठेवून घेते. आणि पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण गावातल्या पाच बायकांना द्यायचं असतं, ती नावं पण तेव्हाच विचारून ठेवा, म्हणजे नंतर कुणी भाऊसाहेबांना परस्पर सुचवत बसत नाही. आमच्याकडं एका सदस्याच्या नवऱ्यानं मीटिंगला बायकोच्या ऐवजी स्वतः येऊन बसायचा प्रयत्न केला, त्याला काकूंनीच उठवलं, "तुमची सही चालत नाय इथं, माझी पण लवकर चालली नव्हती."

पासबुक परवा मिळालं. खात्याचं नाव लांब, छपाईच्या ओळीत मावलेलं नाही, 'ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छ' एवढ्यावर तुटलंय. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "समिती कुठंय?" मी म्हणलं काकू, ते पासबुक आधी पिशवीत ठेवा, आणि साहेबांकडं बघू पण नका.