मूळ साईट जागेवर आणणं : आमच्या दुकानाची वाटचाल

वडील नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टूलरूमला होते. तिथली नोकरी सोडून त्यांनी मेन रोडजवळच्या गल्लीत शस्त्रदुरुस्तीचं दुकान टाकलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विक्रीच नव्हे, दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो मिळेपर्यंत आईने घर कसं चालवलं ते आम्ही पाहिलंय. पहिली गिऱ्हाइकं निफाड-दिंडोरीचे बागायतदार. बारा बोरची बंदूक, ढिला झालेला सांधा, गंजलेली नळी. निवडणुकीत जमा केलेली शस्त्रं परत मिळाली की दुकानात बसायला जागा नसायची.

२०१९ च्या कायद्यातल्या बदलाने सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. आमच्याकडे काम कमी झालं, पण बदललं. राहिलेल्या दोन शस्त्रांची लोक जास्त निगा ठेवू लागले, आणि नेमबाज मंडळी जुनी, चांगली रिव्हॉल्व्हरं घेऊन यायला लागली. आज आमची खरी ओळख त्या कामावर आहे.

देवळालीकडच्या एका नेमबाजाने स्मिथ अँड वेसनची के-३२ रिव्हॉल्व्हर आणली. आधीच्या मालकाने वर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावला होता. यांना २५ मीटर सेंटर फायर खेळायचं होतं, आणि नेमबाजीच्या त्या प्रकारात भिंगाची साईट (नेम धरायचं साधन) चालतच नाही, मागे खाच आणि पुढे माशी अशी उघडीच लागते. म्हणजे स्कोपचा माउंट, त्याला धरणारी बैठक, काढून कारखान्याची साईट परत बसवायची.

काम ऐकायला सोपं आहे. माउंटचे स्क्रू लॉकटाईटने धरलेले होते. ताकद लावली की स्क्रूची खाच सोलते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर राहत नाही. म्हणून आधी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवायचं, गोंद मऊ पडला की खाचेत बरोबर बसेल असं घासलेलं पातं घालून सावकाश फिरवायचं. ज्योत कधीच दाखवायची नाही, निळा रंग उडतो. मग आटे साफ करायचे. हे आटे इंची असतात. बाजारातला मेट्रिक स्क्रू दोन फेरे आत जातो, म्हणून लोक रेटतात आणि फ्रेमच, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा मूळ सांगाडाच, खराब करतात. मला याचा फार संताप येतो, कारण स्क्रू नवा मिळतो, फ्रेम मिळत नाही.

मागची साईट म्हणजे स्प्रिंग स्टीलची लांब पट्टी. पुढून एका स्क्रूने धरलेली, आणि मागे खाली उंचीच्या स्क्रूची चिमुकली नट, जी फ्रेममधल्या खाचेत मागून सरकवून बसवायची. माउंट लावताना नेमकी हीच हरवते. या गिऱ्हाइकाच्या आधीच्या मालकाने पट्टी, नट, स्क्रू सगळं एका पाकिटात जपून ठेवलं होतं. त्या भल्या माणसाचे मनापासून आभार. माउंटसाठी पाडलेली भोकं छोट्या प्लग स्क्रूंनी बुजवली, ती पट्टीखाली झाकली गेली.

मग रेंजवर नेमबाजाने स्वतः गोळ्या झाडल्या. पाच सेंटिमीटर खाली लागत होत्या. दोन साईटमधलं अंतर १९० मि.मी. धरलं, तर २५ मीटरवर मागची साईट साधारण ०.३८ मि.मी. वर हवी. मागची साईट गोळी जिकडे न्यायची तिकडेच सरकवायची, पुढची माशी मात्र उलट. पुढची माशी घासून कमी केली तर परत उंच होत नाही, म्हणून कानस आम्ही अगदी शेवटी हातात घेतो. इथे गरजच पडली नाही.

कानपूरच्या कारखान्यात बनणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरवर स्कोप बसवून द्या म्हणणारेही येतात. तिची मागची खाच पक्की आहे, वर माउंट धरेल अशी जागा नाही. भोकं पाडून देणार नाही, असं सांगून आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवतो. नव्या माउंटचं काम घेतलंच, तर मूळ साईटचे सुटे भाग पाकिटात घालून, त्यावर शस्त्राचा नंबर लिहून, गिऱ्हाइकाच्या हातात देतो. त्याशिवाय शस्त्र दुकानाबाहेर जात नाही.