वचन ऐकताना शेजारी आठवतो तेव्हा

उपासना संपल्यावर मंडळीतील तरुण मला अनेकदा विचारतात: दर रविवारी आम्ही उपदेश ऐकतो, घरी पवित्र शास्त्र वाचतो, तरी वागण्यात फारसा फरक पडत नाही, तर आमच्या ऐकण्यात नेमके काय चुकते? तुम्ही विचारलेत म्हणून माझे काय चुकत होते ते सांगतो. मी दुसऱ्यांसाठी ऐकत होतो.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी पवित्र शास्त्रातील याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला गेला. शेताची कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे याकोब तेथे धनवानांना बजावतो. मी मान डोलावत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या भागातील एक सधन बागाईतदार होता. आमच्या घराचा गिलावा करून गेलेल्या गवंड्याचे तीन हजार रुपये दीड महिना माझ्याकडे राहिले होते, हे मला त्या वेळी आठवलेसुद्धा नाही. बुधवारी तो दारात येऊन उभा राहिला, तेव्हा आठवले.

दावीद राजाचेही असेच झाले होते. त्याने आपल्या एका सैनिकाची बायको हिरावून घेतली होती. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा दावीद संतापला आणि त्या माणसाने चौपट भरपाई करावी, असा निवाडा त्याने लगेच दिला. त्याचा न्याय अचूक होता, पण तो आपल्याविषयीच आहे हे त्याला दिसले नाही; ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे नाथानाला सांगावे लागले. वचन ऐकताना मनात एखाद्या ओळखीच्या माणसाचा चेहरा उभा राहिला की मी आता तेथेच थांबतो आणि तेच वाक्य स्वतःकडे वळवून पुन्हा वाचतो.

वचन ऐकून त्याप्रमाणे न करणारा मनुष्य आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्यासारखा आहे, हा याकोबाचा दाखला सर्वांना पाठ आहे. त्या काळी आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत, ओझरत्या नजरेत त्यांत फारसे दिसत नसे. म्हणूनच की काय, पुढच्या वाक्यात याकोबाने जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ वाकून, निरखून पाहणे असा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या रिकाम्या कबरेत डोकावणाऱ्या शिष्यासाठीही तोच शब्द येतो. मला हे फार मोलाचे वाटते, कारण वाकल्याशिवाय तसे पाहताच येत नाही. नम्रतेने ऐकणे म्हणजे डोळे मिटून मान्य करणे मात्र नव्हे. बिरुया नगराचे लोक प्रेषित पौलाचे वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारत आणि ते तसेच आहे की नाही, हे दररोज शास्त्रात शोधून पाहत.

ऐकण्याचा आणि करण्याचा सर्वांत सुंदर मेळ मला नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात दिसतो. यरुशलेमेत पाणवेशीसमोरच्या चौकात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, अर्थ समजावून सांगतात आणि लोक रडू लागतात. त्यांना सांगितले जाते की रडू नका. खा, प्या आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. दुसऱ्या दिवशी मांडवांच्या सणाची आज्ञा वाचनात येते आणि तेच लोक डोंगरावरून जैतुनाच्या व खजुरीच्या फांद्या आणून धाब्यांवर मांडव घालतात. ऐकणे आणि करणे यांत त्यांनी फार दिवस जाऊ दिले नाहीत. आणि हे घडले ते आधी अर्थ कळला म्हणून. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या, त्यामागेही हीच तळमळ होती असे मी मानतो.

त्या बुधवारी मी गवंड्याला पैसे दिले आणि उशीर केल्याबद्दल त्याची क्षमा मागितली. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब असून त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते, असे पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लिहिले आहे. ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचले होते. त्याने नोटा मोजून खिशात ठेवल्या आणि शाळेची फी भरली न गेल्यामुळे मुलगी आठवडाभर घरीच आहे, उद्या तिला पाठवतो, एवढेच तो म्हणाला.