तुम्ही विचारलंत म्हणून: चाप हलका का करून देत नाही

"सुभेदारसाहेब, जन्म हत्यारं दुरुस्त करण्यात गेला, एवढा रायफलीचा चाप हलका करून द्यायला काय होतंय?" आपशिंग्यापासून पाटणपर्यंत, लग्नात नाही तर मयतीत, हेच विचारतात.

१९५९च्या शस्त्र कायद्यानं दुसऱ्याचं हत्यार दुरुस्त करायला वेगळं लायसन लागतं. ते माझ्याकडे नाही. हे सांगितलं की लोक डोळा मारतात, म्हणून पुढचं सांगतो.

तुमची .३१५ रायफल जुन्या लष्करी ली-एनफिल्डच्या वळणाची. तिचा चाप दोन टप्प्यांत ओढतो: आधी सैल, मग घट्ट. तो घट्टपणा दोष नव्हे, तसाच बनवलाय. काही परदेशी रायफलींत चापाचा अख्खा डबा दोन पिनांवर निघतो, आत स्क्रू असतात. हिच्यात तसलं काही नाही. हलका करायचा म्हणजे सिअरची, म्हणजे चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या खटक्याची, कड घासायची. कोन जरा बिघडला किंवा वरचा कठीण थर गेला, की कड कधी सुटेल याचा नेम नाही.

पाटणकडच्या आमच्या एका पाहुण्यानं आधी मलाच विचारलं होतं. मी नाही म्हणालो, तर लेथवाल्याकडे गेला. "लोण्यासारखा झालाय," म्हणून फोनवर सांगत होता. वनखात्याची परवानगी हातात, भुईमुगात डुकरं, म्हणून बापलेक रात्री बांधावर बसले. बोल्ट लावलेला, सेफ्टी उघडी. उठताना दस्ता दगडावर आपटला आणि बार झाला. बोट चापावर नव्हतंच. गोळी ताशीव बांधाला लागली, दगडाच्या कपच्या पोराच्या मानेत घुसल्या. कानाखाली दोन बोटांवर. पोरगं वाचलं. सकाळी पाहुणा रायफल घेऊन दारात. काडतूस नाही ना, हे दोनदा पाहिलं, नळी मोकळ्या रानाकडे धरली, बोल्ट लावला आणि दस्ता पोत्यावर आपटला. खट्. पुन्हा आपटला, पुन्हा खट्. तो काही बोलला नाही, मीही नाही.

रेजिमेंटच्या नेमबाजी टीममध्ये होतो तेव्हा हलक्या चापासाठी मीच भांडायचो. तेव्हाचा तो तरुण मी आजही म्हणेल, म्हातारा भित्रा झाला. हलक्या चापानं नेम सुधारतो हे त्याचं खरंच आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य आणल्यापासून तर तुम्ही त्याचाच दाखला देता. अहो, त्याची रायफल फायरिंग लाइनवर भरली जाते, समोर ठरलेलं टार्गेट. ती अंधारात ओल्या बांधावरून चालत नाही.

बरं, चाप खरंच जड झालाय का तेही बघा. निवडणुकीला रायफल पोलीस ठाण्यात जमा होते, परत येते ती गंजून आणि तेल वाळून. लायसनवाल्या दुकानात आधी साफ करून घ्या. पार्ट बदलायचाच झाला तर तिथंच, आणि रिकाम्या रायफलीवर बोल्ट जोरात लावून, दस्ता आपटून दाखवल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.

बायको म्हणते, "तुम्ही हाकललंत म्हणूनच तो लेथवाल्याकडे गेला." यावर मी रागावतो. उत्तर मात्र सुचत नाही. लायसन काढायचा अर्ज आणून ठेवलाय, भरलेला नाही.