दोन ओळींमधली जागा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि डोळ्यांसमोर आलं ते संगीताच्या वर्गातलं कपाट. वरच्या फळीवर तबल्याच्या चुंबळी, खाली कापडात गुंडाळलेलं व्हायोलिन. गजाचे केस निम्मे तुटलेले. सहावीत सरांनी ते माझ्या हातात दिलं, मांडी घालून बसवलं, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवलं आणि म्हणाले, "आधी गा. गळ्यात आलं की बोटांत येईल."

रोज प्रार्थनेला सर पेटी वाजवत. ओळ संपून मुलं श्वास घेत, तेवढ्यात माझ्याकडे बघून म्हणत, "भर." काय भरायचं, ते मात्र कधीच सांगितलं नाही. आठवीत एकदा मी भलत्याच सुरावर उतरलो. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेटीवरचे खालचे सूर त्यांनी असे बदलले, की माझा चुकलेला सूर चुकलेला राहिलाच नाही.

त्याच सुमारास खोताच्या वाडीतल्या एका गोवेकर अंकलकडे मी पाश्चात्त्य पद्धतीने शिकायला लागलो. उभं राहायचं, व्हायोलिन हनुवटीखाली धरायचं, समोर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फा (डो-रे-मी म्हणत सूर वाचणं) आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आलेल्या पिढीतले ते. दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात जॅझ. त्यांनी मला स्टेफान ग्रापेली या फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादकाची कॅसेट दिली आणि माझा पुढचा रस्ता ठरला.

ग्रापेलीचा जन्म 1908 चा, पॅरिसचा. आई लहानपणीच गेली. वडिलांनी स्वतःचा सूट गहाण टाकून पोराला पाऊण मापाचं व्हायोलिन आणलं. ते त्याने बरंचसं आपलं आपण शिकून घेतलं, वाड्यांच्या चौकांत वाजवून पैसे मिळवले, मूकपटांना साथ केली. 1934 मध्ये जँगो राइनहार्ट या गिटारवादकाबरोबर त्याने पाच जणांचा संच उभा केला. तीन गिटार, एक डबल बास, एक व्हायोलिन. ड्रम नाहीच, आणि तरी पाय ठेका धरतातच! जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत भाजून निकामी झाली होती, हे मला फार पुढे कळलं. ऐकून कुणालाही खरं वाटणार नाही.

व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीतातलं केवढं मोठं नाव! 1971 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात तो ग्रापेलीबरोबर वाजवायला उभा राहिला. पुढे दोघांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांत ग्रापेली मनाला येईल तसं वाजवतो, आणि मेन्युहिनच्या जागा मात्र आधी लिहून दिलेल्या असत. मला यात मेन्युहिनचा मोठेपणा दिसतो. जे आपल्याला येत नाही त्याच्या शेजारी तो आनंदाने उभा राहिला.

मी स्वतः गेली तीस वर्षं रागसंगीत आणि जॅझ दोन्ही वाजवतोय. लोक विचारतात, एकातून दुसऱ्यात जाताना अडचण काय येते? मांडी मोडून उभं राहणं सोपं असतं. अवघड जातं ते षड्ज, म्हणजे आपला ठरलेला 'सा', सोडणं. रागात तंबोरा जागचा हलत नाही, त्याच्या भरवशावर गंधार, म्हणजे 'ग', लावायचा. जॅझमध्ये खालची जमीनच सरकत असते. खाली एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ म्हणजे कॉर्ड, आणि तो सतत बदलतो. तोच 'ई' हा सूर सी कॉर्डवर तिसरा, ए मायनरवर पाचवा, एफवर सातवा. 32 बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) फेरा संपला की पुन्हा पहिल्यापासून, आपल्या तालाच्या आवर्तनासारखाच. हे पुस्तकात वाचताना मी घाबरलो नाही, कारण आठवीतली ती प्रार्थना कानात होती. सूर माझा तोच होता, सरांनी फक्त त्याच्या खालचं बदललं होतं.

सर आता नाहीत. ते कपाट आणि ते व्हायोलिन अजून असेल, तर मला जरूर कळवा. गजाला नवे केस बसवायचं काम माझ्याकडे. आणि सहावीतलं कुणी शिकायला तयार असेल, तर शनिवारी सकाळी मी येईन.