फक्कीने आखलेलं घर

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली की आमच्या परिषदेची गडबड सुरू व्हायची. नाव मोठं भारदस्त: 'सामुदायिक आर्थिक विकास व परवडणारी घरे, विभागीय परिषद'. बॅनर रंगवणारा अक्षरांवर पैसे लावायचा. तो दरवर्षी म्हणायचा, "मॅडम, हे 'परवडणारी' मला परवडत नाही बघा." बायका कधीच एवढं लांबलचक बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडी तो 'घराचा मेळावा' होता, आणि खरं तर तेच नाव बरोबर होतं.

आमचं मंडळ बचत गटांचं. लातूर, सांगली, उस्मानाबाद (तेव्हा हेच नाव होतं) इकडून गट यायचे, निपाणीच्या विडी कामगार बायका यायच्या. मुंबईचे वक्ते सिद्धेश्वर एक्स्प्रेसने भल्या पहाटे उतरायचे, आणि त्यांना आणायला गेलेली रिक्षा नेमकी भलत्याच फलाटापाशी उभी असायची. जेवणाचं मात्र कधी चुकलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी भाकरी मोडताना 'ही शिळी आहे का?' असं विचारलं होतं. त्यानंतर सलग तीन वर्षं जाताना ते चटणीचा डबा बांधून घेऊन गेले.

भाषणांचं मला फारसं काही आठवत नाही. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं, तरी आठवत नाही. आठवतं ते दुपारचं मैदान.

ज्या शाळेत परिषद भरायची तिच्या मैदानावर जेवणानंतर आम्ही फक्कीने एक अख्खं घर आखायचो, खऱ्या मापाचं. दोरी धरायला दोघी, फक्की सोडायला एक शिपाईमामा. पुढची खोली दहा बाय दहा, मागे स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी. आर्किटेक्ट सर नकाशा हातात घेऊन समजावून सांगायचे. बायका मान डोलवायच्या. एका वर्षी एक अक्का (पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी) विड्या वळायचं सूप घेऊनच आली होती. ती सरळ त्या पुढच्या खोलीत जाऊन बसली, सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आता चला सगळेजण."

सरांना कळेना. मग तिनेच चार बायका उभ्या केल्या: ही सासू, ही शाळेतून आलेली पोरगी, हा नवरा, ही पाणी भरून येणारी मी. चौघींनी दारातून मोरीपर्यंत जाऊन दाखवलं. प्रत्येक वेळी कुणाचा ना कुणाचा पाय सुपाला लागत होता. "दिवसाला हजार विड्या वळायच्या मी. ह्या रस्त्यात बसून?"

तिथून जी सुरुवात झाली ती चहा येईपर्यंत थांबली नाही. पंखा छताच्या मधोमध नको, कारण पंख्याने जर्दा उडतो. म्हणजे पंखा बंद ठेवूनच बसायचं, म्हणजे वारा खिडकीतूनच यायला हवा, आणि खिडकी बसल्यावर खांद्याच्या उंचीला हवी, उभ्या माणसाच्या नव्हे. पान फर्म्यावर ठेवून कात्रीने कापताना उजेड लागतो, नाहीतर विडी वाकडी होते आणि कारखान्यात छाट निघते. छाट निघालेल्या विडीचे पैसे नाहीत. भिजवलेल्या पानांचं गोणपाट कुठं ठेवायचं? ओल भिंतीत जाते. सर आधी लिहून घेत होते. नंतर कागद खिशात घातला आणि खिडकीची रेघ चपलेने पुसून स्वतःच्या हाताने दुसरीकडे ओढली. घर म्हणजे झोपायची जागा असं धरून काढलेला नकाशा होता तो. ह्या बायकांचं घर म्हणजे कारखाना, आणि तेवढी एक गोष्ट कुठल्याच योजनेच्या अर्जात विचारलेली नसायची.

बँकेचे साहेब यायचे ते सत्र थोडक्यात सांगते. साहेबांनी विचारलं, पगार किती? उत्तर आलं, "हजार विड्यांना विचारताय का महिन्याला?" पगाराची चिठ्ठी कुणाकडेच नसायची. असायचं ते विड्यांच्या नोंदीचं लॉगबुक आणि कल्याण निधीचं ओळखपत्र. १९६६ च्या कायद्याने विडी कामगार म्हणून कागदावर आणलं, १९७६ च्या कायद्याने निधी उभा राहिला. पण साहेबांच्या फॉर्मात त्याचा रकाना नव्हता.

मग २००६ आलं. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने. कॉम्रेड नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा. केंद्र, राज्य आणि स्वतः बाई असा तिघांचा वाटा. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. त्यानंतरच्या परिषदेत सूर एकदम बदलला. 'घर मिळंल का' हे कुणी विचारेना. बस किती वाजता, पाणी किती दिवसांनी, तयार विड्या कारखान्यात पोचवायला रिक्षाचे किती जातात, ह्यावरच जोरात भांडणं. मला ती भांडणं फार आवडायची. भाड्याच्या खोलीत राहणारं माणूस असं भांडत नाही.

२०१५ नंतर पंतप्रधान आवास योजनेत घर ३० चौरस मीटरपर्यंत गेलं, तशी आमची फक्कीही वाढली. एका पोत्यात भागेना. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले कसे उभे करायचे ह्याच्या बेरजा बायका मैदानातच काडीने मातीवर करायच्या. असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीतल्या तीस हजार घरांचं काम त्याच काळात सुरू होत होतं. जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या मिळाल्या, तोवर आमची परिषद बंद पडून बरीच वर्षं झाली होती.

शेवटच्या वर्षी घर आखलं आणि संध्याकाळी पुसायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्च्या परत करायला गेले, तर शाळेची पोरं क्रिकेट खेळत होती. स्वयंपाकघराची भिंत त्यांनी क्रीज धरली होती आणि मोरीत गेलेला चेंडू दोन रन.